रास्पबेरी पायवर लिनक्ससीएनसी: पॅटर्न शॉपच्या राउटरसाठी पहिल्यापासून जोडणी

कोल्हापुरात फौंड्री म्हटली की पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा पाडायचा नमुना, आलाच. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात लाकूड, एमडीएफ, पीयू बोर्ड आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न नि कोअर बॉक्स करणारी लहान शॉप आहेत. ते कोरणाऱ्या राउटर मशीनचा सांगाडा, गाईड, बॉलस्क्रू एवढं जमवणारे फिटर इथे मिळतात. गाडी अडते ती कंट्रोलपाशी. रास्पबेरी पाय (थोडक्यात पाय) या छोट्या संगणकावर लिनक्ससीएनसी हा प्रोग्रॅम बसवून तो कंट्रोल कसा उभा करायचा, हे सांगणारा हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे. जी-कोड थोडाफार वाचता येतो, पॅनेलमध्ये वायर कशी ओढायची ते ठाऊक आहे, पण लिनक्सला कधी हात लावलेला नाही, असं आम्ही धरून चालतो. उदाहरण ६०० बाय ९०० मिमी चालीच्या तीन अक्षांच्या राउटरचं घेतलंय. जुनी मिलिंग नव्याने चालवायची असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

पायकडून पल्स काढून घेऊ नका

लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या १९९०च्या दशकातल्या मशीन कंट्रोलर प्रकल्पात आहे. आज तो पूर्ण मोफत, खुला आणि कारखान्यात चालण्याच्या तोडीचा कंट्रोल आहे. रास्पबेरी पाय ४ आणि ५ वर तो चांगला चालतो, पण एका अटीवर. ती अट समजायला थोडा हिशोब करू.

१.८ अंशांची स्टेपर मोटर एका फेरीत २०० स्टेप घेते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप लावले की, एका मायक्रोस्टेपला एक पल्स धरून, फेरीला १६०० पल्स झाले. १६०५ बॉलस्क्रू म्हणजे १६ मिमी व्यास आणि फेरीला ५ मिमी चाल. १६०० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिमी वेगाने जायचं तर सेकंदाला ५० मिमी आणि १६,००० पल्स. म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदाला एक पल्स, आणि तोही घड्याळासारखा नेमका.

पायवर रिअलटाइम कर्नल (ठरल्या वेळी काम करण्यासाठी बनवलेला लिनक्सचा गाभा) टाकला तरी एखादं काम ठरल्या वेळेपेक्षा ५०-१०० मायक्रोसेकंद उशिरा सुरू होणं नेहमीचं आहे. पल्स पायच्या पिनांमधूनच काढले तर एक उशिरा येतो आणि पुढचा त्याला चिकटून येतो. मोटरला हा धक्का बसतो, ती कुरकुरते आणि वेग वाढवला की जागीच अडकते. शिवाय पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ड्रायव्हरच्या आत सिग्नल घेणाऱ्या ऑप्टोला ५ व्होल्ट हवे असतात, आणि चुकून ५ व्होल्ट उलट पिनेवर आले तर पिन, कधी कधी अख्खा पाय, कायमचा जातो.

म्हणून कामाची वाटणी करायची. जी-कोड वाचणं, मार्ग आखणं, स्क्रीन दाखवणं हे पायचं काम. पल्स पाडणं वेगळ्या कार्डचं. पाय दर १ मिलिसेकंदाला कार्डाला फक्त वेग सांगतो. १००० मायक्रोसेकंदांत १०० इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, कारण पल्सची वेळ कार्डावरची एफपीजीए चिप सांभाळते.

आम्ही मेसा या कंपनीचं ७आय९६एस कार्ड सुचवतो. ते इथरनेट केबलने जोडतात. त्यावर पाच मोटरचे स्टेप-दिशा आउटपुट, ११ इनपुट, ६ आउटपुट आणि स्पिंडलच्या वेगासाठी ॲनालॉग आउटपुट आहे. पायच्या ४० पिनांवर थेट बसणारी ७सी८० आणि ७सी८१ ही कार्डंही आहेत आणि ती चांगली आहेत. तरी आमचा कल इथरनेटकडे आहे. उद्या पाय बिघडला आणि बाजारात लगेच मिळाला नाही, तर तेच कार्ड जुन्या डेस्कटॉपला जोडून मशीन पुन्हा चालू करता येतं. कार्ड पायपेक्षा महाग पडतं आणि बहुधा परदेशातून मागवावं लागतं. कस्टम ड्युटी धरूनच बजेट करा.

काय काय आणायचं

पाय ४ असेल तर ४ जीबी पुरे. त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा मूळ ॲडाप्टर द्या. पाय ५ ला ५ अँपिअरचा लागतो. मोबाईलच्या चार्जरवर पाय चालू होतो, पण लोड आला की व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसते आणि प्रोसेसर स्वतःला मंद करतो. मशीनच्या कंट्रोलमध्ये हे खपणारं नाही. ३२ जीबीचं नामांकित कंपनीचं मेमरी कार्ड घ्या, एक नव्हे दोन. दुसऱ्याचा उपयोग शेवटी येईल.

मोटर नेमा २३, १९ किलो-सेमी, २.८ अँपिअर. असा राउटर त्यावर आरामात चालतो. ड्रायव्हर डीएम५४२ जातीचे तीन, आणि त्यांच्यासाठी ३६ व्होल्ट ३५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा). हे ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंतचे असले तरी ४८ व्होल्ट लावू नका. मोटर झटकन थांबते तेव्हा ती उलटा करंट परत ढकलते, व्होल्टेज मर्यादेपलीकडे जातं आणि ड्रायव्हर उडतो. स्विच आणि सेन्सरसाठी २४ व्होल्टचा छोटा पुरवठा, मेसा कार्डासाठी ५ व्होल्टचा वेगळा. या ५ व्होल्टच्या टर्मिनलवर २४ ची वायर लागली की कार्ड संपलं. म्हणून दोन्हींच्या वायरचे रंग वेगळे ठेवा आणि फेरूलवर नंबर घाला.

बाकी माल इथेच मिळतो: एमसीबी, कॉन्टॅक्टर, लाल मशरूम बटण, डिन रेल, शील्ड केबल, ड्रॅग चेन, ग्लँड.

सॉफ्टवेअर आधी, माल नंतर

पाय हातात आला की बाकी काही विकत घेण्याआधी एवढा भाग पुरा करा. लिनक्ससीएनसीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाय ४ आणि ५ साठी तयार इमेज मिळते. ती डेबियनवर आधारलेली आहे आणि रिअलटाइम कर्नल आतच असतो. रास्पबेरी पाय इमेजर वापरून ती मेमरी कार्डावर लिहा. साधं रास्पबेरी पाय ओएस टाकून त्यावर लिनक्ससीएनसी चढवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. कर्नल रिअलटाइम नसला तरी प्रोग्रॅम उघडतो, स्क्रीन सगळं नीट दाखवतो, आणि मशीन मात्र मध्येच धोका देतं.

चालू झाल्यावर पहिलं काम लेटन्सी, म्हणजे काम ठरल्या वेळेपेक्षा किती चुकतं ते, मोजण्याचं. मेनूमध्ये लेटन्सी हिस्टोग्राम नावाचं साधन आहे. ते उघडा, बरोबरीने व्हिडिओ लावा, मोठी फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा, खिडक्या उघडा-मिटा. थोडक्यात, पायला घाम फोडा. दोन-तीन तास तसंच चालू द्या. पाच मिनिटांचा आकडा नेहमी चांगलाच येतो, त्याच्यावर जाऊ नका. सर्व्हो थ्रेडचा (दर १ मिलिसेकंदाला चालणाऱ्या कामाचा) कमाल आकडा १०० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर निर्धास्त व्हा. त्याच्या थोडा वर गेला तरी मेसा कार्डाबरोबर चालतं. हजाराच्या जवळ झेप दिसली तर पुढे जाऊ नका, कारण शोधा.

कारणं बहुतेक ठरलेली असतात. एक, कमी व्होल्टेज. दोन, तापमान: ८० अंशांच्या पुढे पाय वेग कमी करू लागतो. तीन, प्रोसेसरचा वेग लोडप्रमाणे खाली-वर होणं, त्यासाठी गव्हर्नर ही वेग ठरवणारी सेटिंग परफॉर्मन्सवर ठेवायची. चौथं म्हणजे एक कोर रिअलटाइमसाठी राखून ठेवलेला नसणं. पायला चार कोर आहेत, ० ते ३ असे. लिनक्ससीएनसी आपला रिअलटाइम भाग शेवटच्या कोरवर चालवतो. बूट विभागातल्या सीएमडीलाइन (cmdline.txt) फाईलमध्ये आयसोलसीपीयूज समोर ३ (isolcpus=3) लिहिलं की बाकीचे प्रोग्रॅम त्या कोरला हात लावत नाहीत. त्या फाईलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत असतो. नवी गोष्ट त्याच ओळीच्या शेवटी जागा सोडून लिहा. एंटर दाबून दुसरी ओळ केलीत तर ती वाचलीच जाणार नाही, आणि मधेच ओळ तोडली तर पाय सुरूही होणार नाही.

हे जमल्यावर सिम्युलेटरमधलं ॲक्सिस कॉन्फिगरेशन उघडा आणि मोटर नसतानाच आठवडाभर हात बसवा. होम करणं, जी५४ चा, म्हणजे जॉबचा, शून्य लावणं, प्रोग्रॅम लोड करून पुढचा-मागचा मार्ग बघणं. ऑपरेटरलाही इथेच शिकवा. इथे चूक झाली तर कटर मोडत नाही.

कार्ड आणि नेटवर्क

७आय९६एसचा पत्ता जंपरने ठरतो. १९२.१६८.१.१२१ किंवा १०.१०.१०.१०. दुसराच निवडा. बहुतेक वायफाय राउटर १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटतात. पायला वायफाय त्या मालिकेत आणि कार्डही त्याच मालिकेत असलं की कार्डाला जायचे संदेश वायफायकडे वळतात आणि कनेक्शन कधी लागतं, कधी नाही. हा दोष शोधताना माणूस रडकुंडीला येतो, आणि उपाय जंपर बदलण्याएवढाच असतो.

पायच्या इथरनेटला हाताने पत्ता द्या: १०.१०.१०.१, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. गेटवे भरलात तर पाय इंटरनेटही कार्डाकडे मागत बसेल. केबल पायपासून कार्डापर्यंत सरळ, मध्ये नेटवर्क स्विच नको, वायफाय राउटर नको. केबल कॅट ५ई किंवा त्यावरची, शील्डवाली. फाईल आणायला वायफाय किंवा पेनड्राइव्ह वापरा.

मग टर्मिनलमधून १०.१०.१०.१० ला पिंग करा, म्हणजे कार्ड उत्तर देतं का ते बघा. उत्तर एक मिलिसेकंदाच्या बरंच आत यायला हवं. मेसाफ्लॅश या प्रोग्रॅमने कार्डाची माहिती वाचून घ्या, म्हणजे त्यावर योग्य फर्मवेअर आहे याची खात्री होते. कॉन्फिगरेशन फाईल हाताने लिहायची गरज नाही. पीएनसीकॉन्फ विझार्ड लिनक्ससीएनसीबरोबरच येतो आणि मेसासाठी वेगळं कॉन्फिगरेशन टूलही मिळतं. दोघेही प्रश्न विचारून आयएनआय आणि हॅल या दोन फाईल तयार करतात. आयएनआयमध्ये तुमच्या मशीनचे आकडे असतात. हॅलमध्ये कुठला सिग्नल कुठे जातो त्याची जोडणी असते, म्हणजे पॅनेलचं वायरिंगच, फक्त अक्षरांत लिहिलेलं.

टेबलावर एक मोटर

मशीनला हात लावण्याआधी एक ड्रायव्हर, एक मोटर आणि कार्ड टेबलावर मांडा. मोटरच्या चार वायरमध्ये जोड्या कुठल्या ते रंगावरून ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. कुठल्याही दोन वायर एकत्र पिळा आणि बोटांनी शाफ्ट फिरवा. जड लागला तर ती एका कॉइलची जोडी. मोकळा फिरला तर दुसरी वायर धरून बघा. एक जोडी ए प्लस, ए मायनसला, दुसरी बी ला.

ड्रायव्हरच्या डिप स्विचवर करंट २.८४ अँपिअर, आणि १६०० पल्स प्रति फेरी. कार्डाचा स्टेप प्लस ड्रायव्हरच्या पल्स प्लसला, मायनस मायनसला, दिशेचं तसंच. काही ड्रायव्हरवर ५ व्होल्ट आणि २४ व्होल्ट असा बारीक निवड-स्विच असतो, तो ५ वर हवा. २४ वर राहिला तर मोटर लॉक होते पण हलत नाही. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. नुसती सैल पडली तरी ठिणगीबरोबर ड्रायव्हर जातो.

आयएनआयमध्ये स्केल (मिलिमीटरला पल्स) ३२०, कमाल वेग सेकंदाला ५० मिमी, प्रवेग सुरुवातीला ३०० ठेवा. स्टेपजेनचा, म्हणजे पल्स पाडणाऱ्या भागाचा, कमाल प्रवेग मशीनच्या प्रवेगापेक्षा किमान २५ टक्के जास्त, म्हणजे ३७५. पुढे बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा) भरपाई वापरणार असाल तर दीडपट ते दुप्पट. स्टेपजेनचा कमाल वेगही तसाच थोडा वर हवा. हा फरक ठेवला नाही तर कार्डाला पायच्या हुकमाबरोबर पळता येत नाही आणि 'फॉलोइंग एरर' म्हणून मशीन थांबतं. नवखा मग मोटर बदलायला निघतो. मोटरचा तिथे काही संबंध नसतो.

पल्सच्या वेळा नॅनोसेकंदांत भरायच्या. डीएम५४२ ला पल्स किमान २.५ मायक्रोसेकंद आणि दिशा ५ मायक्रोसेकंद आधी लागते. स्टेपची लांबी आणि मधली जागा ५०००-५०००, दिशेच्या आधीची आणि नंतरची वेळ १०,००० ठेवा. यात सेकंदाला एक लाख पल्स मावतात, आपल्याला १६,००० लागतात. घासाघीस करून इथे काही मिळत नाही.

आता एक चाचणी, जी बहुतेक जण गाळतात. शाफ्टवर टेपचा झेंडा लावा, खाली पेन्सिलने खूण करा आणि २० मिमी पुढे, २० मिमी मागे असा छोटा प्रोग्रॅम हजार वेळा फिरवा. शेवटी झेंडा त्याच खुणेवर आला पाहिजे. स्टेपच्या वायर उलट्या लागल्या असतील तरी मोटर झकास फिरते. पण पल्सची कड चुकीच्या क्षणी येते, आणि दिशा बदलताना एखादा स्टेप हरवू शकतो. एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००३ मिमी, एका वेळी कोणालाही कळणार नाही. हजार फेऱ्यांत मात्र ३ मिमीच्या पुढे जातो. पॅटर्नच्या रफिंग-फिनिशिंगमध्ये दिशा हजारो वेळा बदलते. झेड अक्षात हे झालं तर पॅटर्नच्या एका टोकाला खोली बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकलेली, असा जॉब निघतो.

इमर्जन्सी स्टॉप वायरने, सॉफ्टवेअरने नव्हे

लाल बटणाचा संपर्क एनसी (एरवी जोडलेला) असावा आणि त्याने थेट कॉन्टॅक्टरची कॉइल तोडावी. कॉन्टॅक्टर पडला की ३६ व्होल्टच्या एसएमपीएसचा पुरवठा तुटतो आणि स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडीचा रन सिग्नल जातो. पाय हँग झालेला असला तरी हे घडलंच पाहिजे. कॉन्टॅक्टरचा जादा संपर्क कार्डाच्या इनपुटवर न्या, म्हणजे लिनक्ससीएनसीला काय झालं ते कळतं. स्क्रीनवरचं स्टॉप बटण सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही.

कॉन्टॅक्टरला सेल्फ-होल्डिंग ठेवा: हिरवं बटण दाबल्याशिवाय तो ओढणार नाही. आपल्याकडे लाईट जाते आणि पाच मिनिटांनी येते. त्या वेळी हात कटरखाली असला आणि मशीन आपोआप जिवंत झालं तर काय होईल ते सांगायला नको.

पाय हँग झाला किंवा इथरनेट केबल निघाली तर? कार्डावर वॉचडॉग आहे. काही मिलिसेकंद पायकडून काही आलं नाही की तो सगळे पल्स आणि आउटपुट बंद करतो. ही सोय बंद करू नका. पॅनेल पूर्ण झाल्यावर हवेत कटिंग चालू ठेवून केबल मुद्दाम ओढा आणि सगळं थांबतं का पाहा. वीज गेल्यावर स्पिंडलच्या वजनाने झेड खाली येतो का हेही त्याच वेळी बघा. येत असेल तर काउंटरवेट, गॅस स्प्रिंग किंवा ब्रेकची मोटर लावावीच लागेल.

पॅनेल: धूळ, दमट हवा आणि व्हीएफडी

फौंड्रीच्या शेजारच्या शॉपमध्ये हवेत काळी वाळू आणि लोखंडाचा बारीक कण असतो, आणि तो वीज वाहून नेतो. पॅटर्न शॉपमध्ये एमडीएफची भुकटी. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही धूळ बोर्डावर चिकटून राहते. म्हणून पंख्याने बाहेरची हवा आत ओढणारं पॅनेल नको. आयपी५४ किंवा वरचं बंद पॅनेल घ्या, केबल ग्लँडमधून आणा, ड्रायव्हर मागच्या पत्र्याला घट्ट बसवा म्हणजे उष्णता पत्र्यातून बाहेर जाते. पायला पंख्याऐवजी पूर्ण ॲल्युमिनियमची केस द्या.

स्पिंडल २.२ किलोवॉट, २४,००० आरपीएमचा असेल तर त्याला ४०० हर्ट्झ लागतात. नव्या व्हीएफडीत मूळ सेटिंग बऱ्याचदा ५० हर्ट्झची असते. ती तशीच ठेवून स्पिंडल फिरवला तर कमी फ्रिक्वेन्सीलाच पूर्ण व्होल्टेज जातं आणि वाइंडिंग जळतं. स्पिंडल जोडण्याआधी व्हीएफडीचे आकडे भरा: बेस आणि कमाल फ्रिक्वेन्सी ४००, व्होल्टेज आणि करंट स्पिंडलच्या प्लेटवरचे. ७आय९६एसचं ॲनालॉग आउटपुट पोटेन्शिओमीटरसारखं जोडायचं असतं, त्याला १० व्होल्ट व्हीएफडीकडूनच द्यायचे.

'आवाज', म्हणजे विजेचा उपद्रव, याचा सगळ्यात मोठा उगम व्हीएफडीच. व्हीएफडी ते स्पिंडल ही चार कोरची शील्ड केबल, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ. सेन्सर आणि पल्सच्या केबलचं शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला. दोन्ही जातीच्या केबल एका ड्रॅग चेनमध्ये शेजारी शेजारी घालू नका. जावंच लागलं तर मधे पट्टी टाकून वेगळे कप्पे करा. पॅनेलमध्ये अर्थची एकच तांब्याची पट्टी आणि सगळ्या अर्थ वायर तिथेच. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये मल्टिमीटर लावून बघा. तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मशीनच्या आधी शॉपचं अर्थिंग दुरुस्त करून घ्या. शेजारी वेल्डिंग सेट असेल तर त्याच फेजवर कंट्रोल ठेवू नका.

पाय आणि कार्डापुरता ६०० व्हीए यूपीएस लावा. ड्रायव्हर आणि स्पिंडल त्यावर नकोत. लाईट गेली की कॉन्टॅक्टर पडतो, मशीन थांबतं, पण पाय जिवंत राहतो आणि मेमरी कार्ड खराब होत नाही. लाईट आल्यावर पुन्हा होम करणं मात्र सक्तीचं.

लिमिट, होमिंग आणि माप

स्विच किंवा प्रॉक्सिमिटी सेन्सर एनसीच घ्या. वायर तुटली तर मशीन थांबतं. एनओ (एरवी तुटलेला) घेतला तर तुटलेली वायर आपटल्यावरच कळते. होमिंगमध्ये आधी झेड वर, मग एक्स आणि वाय. शोधण्याचा वेग सेकंदाला १५-२० मिमी, नेमकी जागा पकडण्याचा १ मिमीच्या आसपास. स्पिंडल सुरू होताच लिमिट लागल्याचा खोटा संदेश आला तर सेन्सरला दोष देऊ नका, शील्ड आणि अर्थ तपासा. हॅलमध्ये डीबाउन्स (क्षणिक सिग्नल गाळणारा भाग) टाकून तो संदेश दडपता येतो, पण रोग तसाच राहतो आणि पुढे पल्सच्या वायरीत डोकं वर काढतो.

मग डायल गेज. ०.०१ मिमीचा, मॅग्नेटिक बेसवर. अक्ष एकाच दिशेने ०.१ मिमीने चार-पाच वेळा पुढे न्या म्हणजे सगळा प्ले एका बाजूला बसतो. डायल शून्य करा. आता ०.१ मागे. काटा ०.०६ च हलला तर ०.०४ प्ले आहे. स्क्रूच्या दोन्ही टोकांना आणि मधे असं तीन ठिकाणी मोजा. तिन्हीकडे वेगळं आलं तर स्क्रू झिजलाय. सारखंच आलं तर आधी बेअरिंग ब्लॉकचा लॉक नट आणि कपलिंगचा ग्रब स्क्रू आवळा, बराचसा प्ले तिथेच असतो. एवढं करून उरेल तेवढाच बॅकलॅश म्हणून आयएनआयमध्ये भरा.

काटकोन पाहायला स्पिंडलमध्ये पेन धरून ५०० मिमीचा चौरस कागदावर काढा. दोन्ही कर्ण ७०७.१ मिमी यायला हवेत. एक मोठा, एक लहान आला तर गँट्री तिरकी आहे. ती बोल्ट ढिले करूनच सरळ होते.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी६४ पी०.०२ लिहा. नुसतं जी६४ असेल तर लिनक्ससीएनसी वेग टिकवण्यासाठी कोपरे हवे तेवढे गोल करतो. पीसमोरचा आकडा सांगतो की मार्गापासून ०.०२ मिमीपेक्षा जास्त सुटायचं नाही. रफिंगला ०.१ चालेल.

आणि श्रिंकेजबद्दल, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसतो त्याबद्दल. ग्रे आयर्नला साधारण १ टक्का धरतात, म्हणजे ३०० मिमीच्या कास्टिंगला पॅटर्न ३०३. ही वाढ कॅड किंवा कॅममध्येच द्या. काही जण आयएनआयमधला स्केल एक टक्क्याने वाढवून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर फिक्श्चर किंवा ॲल्युमिनियम कास्टिंगचा पॅटर्न लागतो, आणि प्रत्येक माप चुकतं. शिवाय मशीनचा डीआरओ (स्क्रीनवरचा मापाचा आकडा) आणि व्हर्नियर जुळत नाहीत, म्हणून खरा दोष आला तरी ओळखता येत नाही. स्केल हा स्क्रूचा आकडा आहे, धातूचा नाही.

अडलं तर कुठे बघायचं

कार्ड वाचता येत नाही असा संदेश चालू कामात आला: इथरनेट केबल, तिची क्लिप आणि कार्डाचे ५ व्होल्ट, याच क्रमाने. मोटर वेगात कण्हून थांबते पण हळू नीट चालते: प्रवेग निम्मा करा. तरीही थांबली तर गाईड जड आहे, मोटर सोडवून स्क्रू हाताने फिरवून बघा. स्क्रीनवर आकडा बरोबर, जॉबवर माप चूक: स्टेपरला परत सांगणारं काही नसतं, ती अडकली तरी स्क्रीन पुढेच जातो. म्हणून अशा वेळी पुन्हा होम करा आणि होमची जागा किती सरकली ते डायलने मोजा. सरकली असेल तर स्टेप हरवले. सरकली नसेल तर कटर कोलेटमध्ये घसरला किंवा जॉब हलला. ईएलसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) व्हीएफडी चालू करताच पडतो: व्हीएफडीच्या फिल्टरमधून अर्थकडे थोडा करंट जातोच. लाईनला व्हीएफडीसाठी योग्य जातीचा ईएलसीबी लावायला वायरमनला सांगा. अर्थ काढून टाकणं हा उपाय नाही.

हॅलशो आणि हॅलस्कोप ही दोन साधनं शिकून घ्या. हॅलशोमध्ये प्रत्येक इनपुट खरा-खोटा दिसतो. स्विच हाताने दाबायचा आणि स्क्रीनवर बदलतो का पाहायचं. निम्मे वायरिंगचे दोष इथेच सापडतात, पॅनेल उघडायचीही गरज पडत नाही.

मशीन नीट चालू लागलं की इंटरनेटवरून सगळं सिस्टम अपडेट करण्याचा मोह टाळा. कर्नल बदलला तर लेटन्सीचं सगळं मोजमाप वाया जातं. त्याऐवजी पाय रीतसर शटडाऊन करून मेमरी कार्ड काढा आणि त्याची हुबेहूब प्रत सुरुवातीला आणलेल्या दुसऱ्या कार्डावर करा. ते कार्ड पायमध्ये घालून मशीन एकदा होम करून बघा, नाहीतर प्रत चालते की नाही ते अडचणीच्या दिवशीच कळेल. मग ते पाकिटात घालून, वर तारीख लिहून, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ड्रायव्हरच्या डिप स्विचची स्थिती आणि व्हीएफडीत भरलेले आकडेही कागदावर लिहून तिथेच लावा.